नाना पुसतील ते खरं

नानांचा गुडघा बरीच वर्षं दुखत होता. डावा, आणि थंडीत जरा जास्तच. बायको गेल्यापासून शेक द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. तरी माणूस असा हौशी, की सकाळी उठल्याबरोबर चाहत्यांच्या ग्रुपवर हजर. सगळ्यांना सुप्रभात, कुणी आजारी असेल तर चौकशी, आचरट बोलणाऱ्याला समज, आणि समज देऊनही ऐकलं नाही तर सरळ दाराबाहेर. मंडळी नानांना मानायची. एकाने तर कुठून तरी गुडघ्याला चोळायच्या तेलाचं नाव शोधून कळवलं होतं.

गंमत एवढीच, की नाना नावाचा कुणी माणूसच नव्हता.

नानांच्या नावाने लिहायची ती एक बाई. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणारी. डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मास्क, बोटांना कायम मेणाचा वास. दंतवैद्यांकडून पेशंटच्या तोंडाचे साचे डब्यांतून यायचे, आणि ही त्यांच्यावर मेणाच्या हिरड्या चढवून त्यांत एकेक दात बसवत राहायची. सगळे दात एका ओळीत उभे केले की कवळी लांबूनही ओळखू येते, म्हणून एखादा दात ती मुद्दाम किंचित तिरका लावायची. गल्लीत तिला कवळीवाल्या बाई म्हणत. आणि ज्या नटीच्या चाहत्यांचा तो ग्रुप होता, ती नटी म्हणजे हीच.

नटी म्हणजे तसल्या सिनेमांतली. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? कपडेपटाचा खर्च नसलेले सिनेमे. विशीत तिने थोडी वर्षं ते काम केलं. का केलं, हे विचारायला लोकांना भारी आवडतं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच त्यांचे चेहरे तयार असतात, काहींचे कीव करायला, काहींचे नाक मुरडायला. तिने उत्तर एकदाच दिलं, नवऱ्याला. ‘काम होतं, मिळालं, केलं. नको वाटलं तेव्हा सोडलं.’

तिने सोडलं हे खरं. पण ती बावीस वर्षांची मुलगी काही तिला सोडून गेली नाही. ती तिकडेच राहिली, वरच्या ओठावर तीळ घेऊन, हसत. तिचं वजन वाढलं नाही, तिचे केस पिकले नाहीत, तिला एक दिवस सुट्टी मिळाली नाही. बाई मेण गरम करत असायची तेव्हा कुठल्या तरी खोलीत, कुणाच्या तरी हातातल्या फोनवर ती मुलगी कामावर असायची. बाईला हे सतत जाणवायचं. जिन्यात कुणी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं तरी ती मान खाली घालून भराभर पायऱ्या उतरायची. तीळ तिने डॉक्टरकडून केव्हाच काढून घेतला होता. तिथे आता फिकट ठिपका होता. चाहते मात्र त्या मुलीला अजून तिळवालीच म्हणत.

नवरा लॅबचे डबे दंतवैद्यांकडे पोचवायचा. लग्नाआधी तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान खाजवली आणि म्हणाला, ‘आईला तेवढं कळू देऊ नकोस. बाकी माझं काही नाही.’ असा सरळ माणूस. आणि सरळ माणसं जशी काही न सांगता जातात तसा एका सकाळी छातीत कळ येऊन गेला. घरात राहिल्या दोघी, सासू आणि सून. सासू तिला ‘पोरी’ म्हणायची. आईवडिलांनी तोंड फिरवल्यापासून तिला अशी हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तिला जगातल्या कुठल्याही गोष्टीची भीती नव्हती, फक्त एका गोष्टीची होती. सासूला कळलं, तर ती हाक बंद होईल. घराबाहेर काढलं तर खोली मिळाली असती, हातात काम होतं. ती हाक कुठून आणणार?

त्या ग्रुपवर ती याच भीतीपोटी गेली. कुणी तिचा पत्ता शोधतंय का, एवढंच बघायला. नाव घ्यायचं म्हणून नाना घेतलं, वय वाढवलं, बायको मारली, गुडघा दुखवला. तिकडे पाहते तर सगळा उकिरडा. काही माणसं खरोखर प्रेमाने लिहायची, जुनी पोस्टरं चिकटवायची, तिच्या वाढदिवसाला कविता करायची. तो वाढदिवसही निर्मात्याने ठरवलेला, त्याचा तिच्या जन्माशी काही संबंध नव्हता. पण त्यांच्यामध्ये ट्रोल मंडळी घुसलेली. आता कशी दिसत असेल, कुणाकडे राहत असेल, रोग झाला असेल, मेली असेल, आणि याहून घाण असं बरंच. या ट्रोल लोकांचं एक कळत नाही. ज्या बाईला हे कधी भेटले नाहीत, जिने यांचं काडीचं वाईट केलं नाही, तिच्यामागे हे हात धुऊन लागतात आणि वर म्हणतात, आम्ही गंमत करतो.

ग्रुप सुरू करणारा माणूस या कटकटीला कंटाळला आणि सगळ्यांत समंजस सदस्याच्या हाती किल्ल्या देऊन मोकळा झाला. सगळ्यांत समंजस सदस्य म्हणजे नाना. अशी ती स्वतःच्या भुताची राखणदार झाली.

काम ती चोख करायची. ट्रोलशी भांडायचं नाही, हे ती लवकर शिकली. भांडलं की त्याला जोर चढतो. कुणी फार चेकाळला की नाना त्याला आपल्या गुडघ्याची हकिकत सांगायला बसत, कुठल्या जिन्यात पाय मुडपला, कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं, एवढी लांबलचक की भलाभला ट्रोल शेपूट घालून पळायचा. हे लिहिताना तिला एकटीला मास्कआड हसू यायचं. लॅबचे मालक विचारायचे, ‘काय हो, कवळी हसली की काय?’

पण तिळवाली आता कुठे असेल, यावरच्या तर्कांचं काय करायचं? ते तर रोज यायचे. कुणी म्हणे तिने बेटावर हॉटेल काढलं, कुणी म्हणे बड्या माणसाशी लग्न केलं, कुणी म्हणे ती कधीच वारली. बाई ते राहू द्यायची. शोधा बेटावर, तिला काय! बसा चकरा मारत. फक्त एखादा तर्क चुकून जवळ आला, की तिचा अंगठा आपोआप फोनवर जायचा. हातातलं मेण थंड झालं तरी चालेल, पण ती ओळ क्षणभरही तिथे राहता कामा नये. पुसली, की जीव भांड्यात पडायचा.

यात आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. ते आलं एका माणसाच्या डोक्यात.

त्याच्या नावाजागी भिंगाचं चित्र असायचं, म्हणून ग्रुपवर त्याला भिंगवाला म्हणत. तो शिव्या द्यायचा नाही. वाईटसाईट बोलला तरी नीट वाक्यात बोलायचा, जे जास्त किळसवाणं वाटायचं. बरेच महिने तो रोज एकेक ओळ टाकत होता. ‘तिळवाली अमुक शहरात दिसली.’ दुसऱ्या दिवशी दुसरं शहर. मग शहरं संपली आणि धंदे सुरू झाले. शिवणकाम करते. शाळेत शिकवते. केस कापते. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. नानांनी कधी एखादी ओळ पुसली, बाकीच्या राहिल्या. तो चिडला नाही, भांडला नाही. आणि एका दुपारी, बाईने नुकता खालच्या जबड्याचा साचा हातात घेतला होता, तेव्हा त्याचं लिखाण आलं.

‘नाना, उपकार झाले. मी एवढी शहरं लिहिली, तुम्ही सगळी ठेवलीत, एकच पुसलंत. एवढे धंदे लिहिले, एकच पुसलात. तुमचा गुडघा दुखतो म्हणता, पण अंगठा मात्र झकास चालतो. तर मित्रहो, तिळवाली त्या शहरात आहे आणि दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. नाना, आता हेही पुसा बरं.’

तिच्या हातून साचा निसटला आणि फरशीवर फुटला. मालक धावत आले. ती म्हणाली, ‘घामाने सटकला.’ मालकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तुकडे गोळा केले.

अंगठा फोनवर गेला होता. तिने तो मागे घेतला. पुसावं तर ते खरं असल्याचा सगळ्यांसमोर शिक्का बसणार, आणि ठेवावं तर तिचं शहर, तिचं काम, उघड्या चव्हाट्यावर. खाली चाहत्यांची झुंबड उडाली होती. नाना, तुम्ही तिला ओळखता? नाना, कशी आहे हो ती? तिला सांगा आम्ही तिच्यावर जीव टाकतो. आम्ही येऊन भेटू का, लांबून बघून जाऊ? ही प्रेमळ माणसं तिला त्या क्षणी भिंगवाल्याहून जास्त भयंकर वाटली. ट्रोल निदान दारात फुलं घेऊन उभा राहत नाही.

ती मागच्या मोरीत गेली, नळ सोडला, आणि नानांनी उत्तर लिहिलं.

‘हसून हसून माझा गुडघा दुखला. अहो, आपली तिळवाली, आणि कवळ्या? म्हाताऱ्यांच्या हिरड्यांना मेण फासत बसलीय, संध्याकाळी थकून घरी जाऊन भाजी निवडतेय? भिंगवाले, भिंग जरा पुसून घ्या. ही ओळ मी मुद्दाम ठेवतोय, सगळ्यांची करमणूक होऊ दे.’

तिला वाटलं होतं तसंच झालं. ग्रुपने दात काढले. तिळवाली कवळी बसवून देतानाची चित्रं निघाली. एकाने लिहिलं, असलं आयुष्य जगायची वेळ आली तर ती जीव देईल, पण हे करणार नाही. त्याला पुष्कळ लोकांनी पसंतीचे अंगठे दाखवले. नानांनाही दाखवावा लागला. बाईने तो दाखवला, नळ बंद केला, आणि बाहेर येऊन नव्या साच्यासाठी प्लास्टर कालवायला घेतलं. तिचं सगळं खरं आयुष्य, नवरा, सासू, मेण, भाजी, तिने स्वतःच्या हाताने लोकांपुढे चेष्टेला टाकलं होतं, आणि त्यावाचून ते वाचणार नव्हतं. तिला रडू आलं नाही.

भिंगवाला गप्प झाला. त्या गप्प बसण्याने तिची झोप उडवली. बसमध्ये, दुकानात, लॅबच्या काचेबाहेर, प्रत्येक माणूस तिला तोच वाटू लागला. आरशासमोर उभी राहिली की ओठावरच्या ठिपक्याच्या जागी तीळ परत उगवलाय असं वाटायचं, आणि बोट लावून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

सासूला दुपारी घरात एकटं करमायचं नाही, म्हणून ती जेवण झालं की सुनेबरोबर लॅबमध्ये यायची. काउंटरपाशी तिची एक खुर्ची होती. रिकामे डबे पुसून ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. मालक म्हणत, बिनपगारी मॅनेजर आहे. त्या दुपारीही ती तिथेच होती.

आत आला तो साधासा माणूस. खांद्याला बॅग, हातात पाण्याची बाटली, शर्ट नीट खोचलेला. असा माणूस रांगेत पुढे उभा असला तर आपण त्याला दोनदा बघणारही नाही. त्याने सासूला नमस्कार केला.

‘मावशी, एक विचारू? एका मुलीचा तपास करतोय.’

‘कोणती मुलगी? बसा ना, उभे का?’

‘हरवलीय. बरीच वर्षं झाली. घरची माणसं काळजीत आहेत.’ त्याने फोन पुढे केला. ‘या शहरातल्या सगळ्या लॅब पालथ्या घातल्या. इथेच कुठेतरी काम करते म्हणतात.’

बाई आतल्या टेबलाशी होती. शब्द नि शब्द ऐकू येत होता. हा तोच, हे तिला कळायला काही वेळ लागला नाही. मागच्या दाराने जाता आलं असतं. पण काउंटरवर सासू होती, आणि सासूच्या हातात तो फोन.

सासूने चष्मा वर ढकलला, फोन डोळ्यांजवळ नेला. फोटो नुसत्या चेहऱ्याचा होता. ‘अगं बाई, किती गोड पोर आहे! आणि तीळ बघ कसा जागच्या जागी.’ तिने मान वळवून हाक मारली. ‘पोरी, इकडे ये गं जरा. हिला कुठे पाहिलंयस का बघ.’

ती उठली. बोटांचं मेण पुसत काउंटरपाशी आली. तिने सासूच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. ती मुलगी तिच्याकडे बघून हसत होती. तो फोटो कुठे काढला, तिला आठवलं. त्या दिवशी बूट चावत होते, हेही आठवलं.

‘नाही,’ ती म्हणाली.

माणूस तिच्याकडे बघत होता. डोळे, कपाळ, परत डोळे. ‘ताई, रागावू नका. मास्क जरा खाली करता का?’

‘का हो?’ सासूने कपाळाला आठ्या घातल्या. ‘तिचा मास्क कशाला?’

सासूला आणखी काही विचारायची संधीच द्यायला नको, म्हणून तिने स्वतःच मास्क ओढून हनुवटीखाली घेतला आणि चेहरा उजेडाकडे केला. त्याने आधी तिचा वरचा ओठ पाहिला. मग गाल पाहिले, मानेवरच्या वळ्या पाहिल्या, कानामागचे पांढरे केस पाहिले. किती वेळ तो असा पाहत होता कुणास ठाऊक. ट्रोल म्हणून तिने त्याचा चेहरा मनात हजारदा रंगवला होता, पण त्यावर असं काही असेल असं तिला वाटलं नव्हतं. तो हिरमुसला होता. खेळणं मोडलेल्या पोरासारखा.

‘माफ करा,’ तो म्हणाला. ‘तुम्ही नव्हे. मला वाटलं होतं... पण ती अशी नसेल.’

तो गेला. सासू म्हणाली, ‘भला माणूस दिसतो बिचारा. दुसऱ्याच्या मुलीसाठी एवढी वणवण!’ बाईने मास्क वर केला आणि टेबलाशी जाऊन बसली. सुटले, सुटले, असं तिचं मन म्हणत होतं, आणि तरी आतून कुणीतरी ढसाढसा रडत होतं. तिच्या तोंडावर तिला सांगून गेला, की तू ती नाहीस. आणि तिने मान डोलावली होती.

संध्याकाळी ग्रुपवर त्याने लिहिलं, ‘नाना बरोबर होते. जाऊन आलो. एक थकलेली, सुटलेली बाई आहे तिथे. आपली नव्हे. विषय संपला.’ खाली सगळ्यांनी सुस्कारे सोडले. देवाची कृपा, आपली तिळवाली असल्या अवस्थेत नाही. नानांनी सगळ्यांना शुभरात्री म्हटलं. गुडघ्याबद्दल कुणी विचारलं, तर बरा आहे म्हणाले.

भिंगवाल्याचा विषय संपला. सासूचा सुरू झाला.

जेवताना, डबे पुसताना, बसची वाट बघताना, सासूला ती मुलगी आठवायची. ‘सापडली असेल का गं? थंडीचे दिवस, कुठे असेल पोर?’ डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची. तरुण मुलगी, वरच्या ओठावर तीळ, दातांच्या लॅबमध्ये काम करते म्हणतात, कुठे दिसली का हो? बाई आतून ऐकायची आणि तिच्या हातातला दात मेणात वाकडा बसायचा. इतकी वर्षं त्या मुलीला तिने उंबऱ्याबाहेर थोपवून धरलं होतं. आता सासूने तिला हाताला धरून घरात आणलं होतं, आणि ती जेवायला दोघींच्या मध्ये बसायची.

एका संध्याकाळी दोघी भाजी निवडत होत्या. सासूने पुन्हा तेच विचारलं.

‘सापडली, आई,’ ती म्हणाली. हे थांबवायला दुसरं काय सांगणार?

सासूचे हात थांबले. ‘खरं? कुणी सांगितलं?’

‘तोच माणूस रस्त्यात भेटला होता. लग्न झालंय तिचं. सुखाने आहे.’

‘बरं झालं बाई. नवरा चांगला आहे ना?’

‘चांगला होता. वारला. सासूजवळ असते.’

‘अरेरे. आणि सासू कशी आहे?’

‘सासू फार चांगली आहे.’

‘मग एवढी लपूनछपून का राहते पोर?’

बाईने हातातली शेंग मोडली. पुढचं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. ‘आधी तिच्या आयुष्यात काही झालंय. सासूला ते माहीत नाही. सांगावंसं वाटतं तिला. पण कळल्यावर सासू तशीच राहील का, याची भीती वाटते.’

‘वाईट काही?’

‘लोक वाईट म्हणतात.’

सासूने दोन शेंगा निवडल्या, एक किडकी होती ती बाजूला टाकली. सुनेचे कान उत्तराकडे लागले होते. सांगून टाक म्हणावं, एवढे शब्द ऐकले असते तर ती त्याच क्षणी बोलली असती. तोंड उघडलंच होतं तिने.

‘मग नको म्हणावं सांगू,’ सासू म्हणाली. ‘चांगली आहे ना सासू? राहू दे तिला चांगली. म्हातारपणी कशाला बाई परीक्षा घ्यायची तिची?’

तिने उघडलेलं तोंड मिटलं. सासूने निवडलेल्या शेंगा तिच्याकडे सरकवल्या. ‘भेटला तो माणूस, तर त्याच्याकडे निरोप दे हं, पोरी.’

‘हो, आई,’ ती म्हणाली. ‘सांगते तिला.’